गाडी वळायला जागा

संध्यानं शाळेत बाईंना विचारलं होतं, "मी पुन्हा सातवीतच बसू का?" घरी येऊन तिनं हे मला हसत हसत सांगितलं, अन् माझी तव्यावरची भाकर करपली.

कारण हे मी करून बसले होते. माझं माहेर कुंभार पिंपळगावच्या पलीकडं. तिथं शाळा चौथीपर्यंत. चौथी पास झाले, तरी सुट्टी संपल्यावर मी पाटी घेऊन पुन्हा वर्गात गेले. गुरुजी म्हणाले, "बेबीनंदा, तू तर पास झालीस." मी म्हटलं, "बसू द्या गुरुजी, मागं बसते." बिचाऱ्यांनी वर्षभर बसू दिलं. पुस्तक मला तोंडपाठ होतं, म्हणून लहानग्यांच्या कविता मीच घ्यायची. फार मजेचं वर्ष होतं ते. पण माझ्या नातीनं तसं बसावं असं मला वाटेना.

आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीला राजूर. पोरं कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून जातात. पोरींसाठी एस.टी.चा मोफत पास आहे, पण एस.टी. थांबते फाट्यावर, अन् फाट्यापर्यंत नुसती रानं. सातवी झाली की पोर घरी, हे ठरलेलं.

दोन वर्षांपासून ज्योत्स्नाताई गावात येते. मुलींच्या शिक्षणाचा एका संस्थेचा कार्यक्रम आहे, त्यात ती काम करते. शाळा सुटली की विहारात पोरी गोळा करते. ज्यांना जोडाक्षर फुटत नव्हतं, त्या आता पेपर वाचून दाखवतात. अपूर्णांक तिनं भाकरीचे तुकडे करून शिकवले. तेव्हापासून आमच्या घरी कुणी थोडी भाकर मागत नाही. 'एक चतुर्थांश वाढ, आजी,' म्हणतात.

संध्याचं ऐकल्यावर मी ज्योत्स्नाताईला म्हटलं, "इतकं शिकवलंस, आता ह्यांना घरी बसवायचं का?" आम्ही चार बायका तिच्यासोबत डेपोत गेलो. साहेब भला माणूस. म्हणाला, "गाडी देतो. पण गावात वळायला जागा पाहिजे. सोमवारी एक गाडी पाठवून बघतो. वळली तर रोज येईल, न्हाई वळली तर फाट्यावरच थांबेल."

गाडी वळेल अशी जागा गावात एकच, पाण्याच्या टाकीजवळ. अन् त्या जागेवर आसराबाईचा उकिरडा.

आसराबाई माझी शेजारीण. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे, कशावरून सुरू झालं ते दोघींनाही आठवत नाही. तिच्या दारी म्हशी, शेळ्या, अन् रूपाली नावाची नात. रूपाली संध्याच्याच वर्गात.

"उकिरडा हलव," मी म्हटलं.

"तू हल आधी दारातून," ती म्हणाली. "माझ्या सासूनं शेणाची पहिली पाटी टाकली तिथं. दिवाळीला दिवा लावते मी त्याच्यावर. तो कुठं लावू, तुझ्या डोक्यावर?"

"माझ्या मागच्या दारी लाव. उकिरडाच तिथं आण."

"वास येईल, बेबे."

"येऊ दे. इतकी वर्षं तुझं तोंड ऐकलं, वासानं काय मरते का?"

रूपाली दारामागून फिसकन हसली. आसराबाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. "तुला जायचंय का गं राजूरला?"

"जायचंय," रूपाली म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण हसायची थांबली.

"मंग उभी काय राह्यली? फावडं आण."

ट्रॉलीनं खत माझ्या मागच्या दारी आलं. टाकीजवळ मुरूम पसरला, धुम्मसानं ठोकून जमीन घट्ट केली. सोमवारी सकाळी पोरींनी विचारलं, रांगोळी काढू का? आम्ही सगळ्याच हो म्हणालो. गाडी पहिल्यांदा गावात येणार, तिचं स्वागत नको? पोरींनी त्या वळायच्या जागेभर एक मोठं फूल काढलं, गुलाबी अन् पिवळं, अन् एकेका पाकळीत आपापलं नाव लिहिलं.

गाडी आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. अन् टाकीजवळ येऊन ती थांबली. अंगदराव नावाचे ड्रायव्हर खाली उतरले. वाकून एकेक नाव वाचलं. मंग टोपी काढून डोकं खाजवलं.

"ह्याच्यावरून मी गाडी घालणार न्हाई."

"का हो?" ज्योत्स्नाताईनं विचारलं.

"पोरींची नावं हायत, ताई. माझ्या पोरीचं नावबी संध्याच हाये. तिच्यावरून चाक घालू?"

कंडक्टर घड्याळ बघून राह्यला होता. "मंग गाडी मागं घ्या जल्दी. साहेबांना सांगू, जागा न्हाई."

ज्योत्स्नाताईनं झाडू आणायला सांगितला. रूपालीनं आणला, पण हातात धरून उभी राहिली. दुसऱ्या पोरीकडं दिला, तीही उभी. आपलं नाव आपल्या हातानं कोण पुसणार? इतकं करून गाडी पुन्हा फाट्यावरच जाते की काय!

आसराबाई गर्दीतून पुढं आली. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय एवढं?"

"पोरींची नावं," मी म्हटलं. "ह्या पाकळीत तुझी रूपाली."

तिनं पाकळीकडं पाहिलं, मंग गाडीच्या चाकाकडं पाहिलं. "अहो डायव्हरसाहेब, घाला की वरून! चाकाला नाव लागलं तर राजूरपर्यंत जाईल. इथं राह्यलं तर वारा नेईल."

अंगदराव हसले. गाडीत चढले, पण आधी त्यांनी चप्पल काढून हातात घेतली, ते मी पाहिलं. मंग आम्ही सगळ्या बायका गाडीच्या मागं उभ्या राहून ओरडायला लागलो, "येऊ द्या, येऊ द्या, बराबर हाये, अजून येऊ द्या!" आसराबाईचा आवाज हॉर्नच्या वर. गाडी मागं आली, पुढं गेली, अन् वळली. तोंड राजूरकडं.

"उद्यापासून येतो," कंडक्टर म्हणाला. तोही आता हसत होता.

"रिकामी कशाला नेऊ?" अंगदरावांनी खिडकीतून विचारलं. "बसा फाट्यापर्यंत. तुमची हौस फिटेल, येताना पाय मोकळे करत चालत या."

पोरी अशा चढल्या की दार दिसेना. त्यांच्यामागून आसराबाई, नाकाला पदर लावून, जणू वास माझाच येत होता. शेवटी मी. पुढची एक जागा संध्यानं माझ्यासाठी धरली होती.

"आजी, इथं ये."

"राहू दे," मी म्हटलं. "मी मागं बसते."

मागच्या काचेतून रस्ता दिसत होता. डांबरावर दोन पट्टे उमटत होते, एक गुलाबी, एक पिवळा, गावापासून आमच्या मागं मागं येत असलेले.