तांदळाएवढं भोक

मित्रांनो, मी पिकअपच्या हौद्यातला एक जुना सॉकेट आहे. आता कुठल्याच गाडीत नाही. एका वायरमनच्या फळीवर पडून असतो. मला उचलून पाहिलंत, तर झाकण अजून घट्ट बसतं, रबरही शाबूत आहे. फक्त आतल्या भिंतीवर एक हिरवट रेघ दिसेल. तिथपर्यंत पाणी चढलं होतं.

मी साच्यात घडलो. बाहेर करडं प्लास्टिक, आत पितळेच्या पट्ट्या, तोंडावर स्प्रिंगचं झाकण. उन्हापावसात टिकावं म्हणूनच मला बनवलं होतं, आणि दुकानात असताना मला त्याचा जरा तोराही होता.

मला विकत घेतलं एका फरशीवाल्याने. तो फरशी बसवी आणि त्याची बायको कटरवर कापून देई. नव्या बांधकामांवर वीज नसे. म्हणून त्यांनी गाडीत सीटमागे इन्व्हर्टर ठेवला आणि त्याची वीज हौद्यात आणायला मला बसवायचं ठरवलं. काम करायला बायकोचा भाऊ आला. तोच हा वायरमन.

गाडी मात्र आप्पांची, म्हणजे फरशीवाल्याच्या वडिलांची. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यावर त्यांनी घेतलेली ही पहिली स्वतःची गाडी. दर रविवारी ते ती पाइपने धूत आणि एखादा चरा दिसला, तर त्यावरून बोट फिरवत उभे राहत. हौद्याच्या पत्र्याला ड्रिल लागलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला.

"सूनबाई, भावाला सांग, गाडी आहे ही. चाळण नाही."

"आप्पा, या ना बघायला. तो सगळं समजावून सांगतोय."

"भोकं काय बघायची? पुढे गळतीलच, तेव्हा बघू." असं म्हणून ते चहा प्यायला आत निघून गेले.

मित्रांनो, सगळं बिनसलं ते इथेच.

बाहेर वायरमन माझ्या पोटाखालचं तांदळाएवढं भोक दाखवत होता. "प्लग लावला की झाकण थोडं उघडं राहणार. पाणी आत येणारच. येऊ दे. इथून निघून जाईल." मग त्याने इन्व्हर्टरजवळचा छोटा खटका दाखवला. "वीज वाट चुकून माणसाच्या अंगात शिरायला लागली, तर हा आपोआप पडेल. पडला की मला फोन करायचा. दाजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय रे," फरशीवाला म्हणाला. त्याचं लक्ष फरशीच्या खोक्यांत होतं. बहिणीने मात्र सगळी वीज बंद करणारं इन्व्हर्टरचं मुख्य बटण स्वतः दाबून पाहिलं.

दोन वर्षं सुखाची गेली. शेजारच्या कामावरचे लोक माझ्याकडे बघून म्हणत, "यांचं बरंय, वीज खिशात घेऊन फिरतात." मला बरं वाटे.

मग एका रविवारी गाडी धुऊन झाल्यावर आप्पांना माझ्याखालून एक थेंब पडताना दिसला. "म्हटलं होतं ना," ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांनी डब्यातली राखाडी पुट्टी मळली, त्या भोकात दाबून भरली आणि ओल्या अंगठ्याने छान सपाट केली. कुणाला काही बोलले नाहीत. सुनेच्या भावाची चूक चारचौघांत कशाला काढायची, असा त्यांचा भलेपणा.

त्या दिवसापासून आत आलेला थेंब आतच राहू लागला. पुढच्या रविवारी त्यावर दुसरा. पितळेला हिरवा गंज धरला. पाणी केसाकेसाने वर सरकत होतं, आणि मला ते मोजण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

खटक्याने मात्र आपलं काम केलं. तो पडला. फरशीवाल्याने वर केला. तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा काम अर्धवट होतं आणि घरमालक डोक्यावर उभा होता.

"दादाला फोन केला का?" बायकोने विचारलं.

"करतो गं. एवढं संपू दे." आणि त्याने वायरचा एक तुकडा लावून वीज खटक्याला वळसा घालून नेली. एका दिवसापुरता, असं तो मनाशी म्हणाला. तो दिवस महिनाभर चालला.

बापलेक रोज शेजारी बसून जेवत. एकाने पाण्याची वाट बंद केली आणि दुसऱ्याने पहारेकरी हटवला, हे त्यांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. मला दोन्ही ठाऊक होतं.

शेवटी तो रविवार आला. सून अंगणात फरशीच्या चार पट्ट्या कापून माप बघायला आत गेली. कटरचा प्लग माझ्यात तसाच होता. आप्पा अनवाणी, पाइप घेऊन आले. प्लग भिजू नये म्हणून आधी तो काढावा, असं त्यांना वाटलं. पण माझ्यात साठलेल्या पाण्याने तो केव्हाच ओला झाला होता. त्यांनी डाव्या हाताने हौद्याचा लोखंडी फाळका धरला आणि उजव्या हाताने प्लग.

ते ओरडले नाहीत. ओरडता येत नव्हतं. हातही सुटत नव्हता.

सून दारात आली, तिने त्यांचं उघडं तोंड पाहिलं. ती त्यांच्याकडे धावली नाही. ती सीटकडे धावली आणि तिने मुख्य बटण दाबलं. आप्पा ओल्या जमिनीवर कोसळले. मग कुठे ती त्यांच्यापाशी गेली.

आप्पा वाचले. दवाखान्यातून परत आल्यावर उजव्या हाताला पट्टी होती आणि कप धरताना बोटं थरथरत. वायरमनने सगळ्यांसमोर मला उघडलं. वाटीभर हिरवं पाणी सांडलं. खालून त्याने पुट्टीचा गोळा टोकरून काढला. त्यावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट होता.

"हे कोणी बुजवलं?"

 मग आप्पांनी पट्टी बांधलेला हात वर्गातल्या मुलासारखा हळूच वर केला.

"आणि खटक्याची वायर माझी," फरशीवाला खाली बघत म्हणाला.

मित्रांनो, त्या घरात कुणाचंही वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो, एखादं भोक बुजवण्याआधी ते कोणी आणि कशासाठी ठेवलं, हे विचारा. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या खटक्यावर चिडू नका, तो काय म्हणतोय ते बघा. आणि कुणी समजावून सांगत असेल, तर चहा थोडा गार झाला तरी चालेल.

माझ्या जागी आता नवा सॉकेट आहे. वायरमन सांगतो, दर रविवारी गाडी धुण्याआधी आप्पा सुनेला हाक मारतात. "सूनबाई, बटण बंद केलंस?" तिने दोनदा हो म्हटल्यावर ते खाली वाकतात, आणि थरथरत्या बोटांनी त्याच्या पोटाखालच्या भोकात झाडूची एक काडी घालून ते मोकळं आहे ना, ते बघतात.