एका मताने पडलेली मावशी

आमच्या ग्रंथालयाने एक पुस्तिका काढायची ठरवली: बंद झालेल्या मतदारसंघाचा इतिहास. काम आलं माझ्या गळ्यात, कारण शेवटच्या निवडणुकीत माझी मावशी उभी होती आणि एका मताने पडली होती. पडणं जसं काही आमच्या रक्तातच आहे.

इतिहास म्हणाल तर मूठभर. चार निवडणुका झाल्या, मग सीमा नव्याने आखल्या आणि आमच्या मतदारसंघाचे तीन तुकडे करून शेजाऱ्यांना वाटून टाकले. मावशी 'पुढच्या वेळी बघून घेते' म्हणत बसली होती, तर पुढची वेळच गायब. मग सगळा राग काकांवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर, निघाला. जिंकलेला औषधवाला काकांचा बुद्धिबळातला जोडीदार, तेव्हा फितूर मत काकांचंच, असं तिने ठरवून टाकलं. तीस वर्षं काकांनी तोंड उघडलं की हिचं सुरू, "मत देताना कुठे गेली होती अक्कल?"

मी वही घेऊन तिच्या शिवणखोलीत गेले. मशीन थांबवून ती म्हणाली, "लिही. घरच्या माणसाने दगा दिला. छापून आलंच पाहिजे."

काका खिडकीशी बटणं निवडत होते. मान वर केली नाही. मला बाई वाईट वाटलं. छापून आलं की म्हातारपणी चारचौघांत काकांची मान खाली.

"आधी हिशेब नीट मांडू या," मी वेळ काढत म्हटलं. "तुझं स्वतःचं मत कुणाला?"

"औषधवाल्याला."

"काय?"

"अगं, आपलं मत आपल्यालाच द्यायचं, बरं दिसतं का ते? त्यानेही मलाच दिलं असणार."

मी कपाळाला हात लावला. ते मत स्वतःला दिलं असतं तर त्याचं एक कमी, हिचं एक जास्त, आणि मावशी आमदार. वहीत मांडून दाखवलं. तिचा चेहरा एवढासा झाला.

"काहीतरीच. माझंच मत फुटलं होतं, तसंच लिही," काका घाईघाईने म्हणाले.

"गप्प बसा. तुम्हाला माहीत होतं?"

"पाहुण्यांआधी तू पाणीसुद्धा घेत नाहीस. अंदाज होता."

"मग इतकी वर्षं बोलणी का खाल्लीत?"

"बाहेर हरलीस. म्हटलं, घरात तरी जिंकू दे."

मावशीने पदराने डोळे पुसले आणि हसू लागली. मग माझी वही आपल्याकडे ओढून बोट ठेवलं.

"लिही. बाई आपल्याच शहाणपणाने पडल्या. आणि ह्यांचं मत मला होतं, ते ठळक अक्षरांत."