वोनसेलचा दुसरा साक्षीदार

"एकाच माणसाच्या तोंडचा शब्द कोशात जात नाही, फ्राउकेबाई. मग ते माणूस तुमची आई का असेना," मुख्य संपादक डॉक्टर विर्सेमा म्हणाले. "शुक्रवारी छपाई आहे. दुसरा साक्षीदार आणा, नाहीतर त्या शब्दाची चिठ्ठी फाडा."

तीस वर्षं फ्राउके बोलीकोशाच्या कचेरीत शब्दांच्या चिठ्ठ्या त्यांच्या शेपट्यांप्रमाणे, म्हणजे प्रत्ययांप्रमाणे, लावत बसली होती. तिच्याकडे 'सेल'ने संपणाऱ्या शब्दांचं खोकं होतं. करवतीखालचा भुसा, झाडूखालचा केर. डच काय नि सीमेपलीकडची जर्मन काय, उरल्यासुरल्याच्या नावांना ही शेपटी बरेचदा लागते. त्यातच आईचा शब्द होता, वोनसेल. माणसं गेली तरी घरात जे राहतं, ते. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचं म्हणून एवढंच उरलं होतं, आणि आता तेही जाणार म्हणून फ्राउकेचा जीव तुटत होता.

बुधवारी टपालाने कोशाची एक प्रश्नावली भरून आली. पत्ता सीमेवरच्या गावातला, आईच्याच जुन्या घराचा. एका उत्तरात लिहिलं होतं: वोनसेल. फ्राउकेने दुपारचीच बस पकडली.

घरात आता ओन्नो हार्म्स राहायचा, दोन वर्षांपूर्वी पलीकडून आलेला एक विधुर जर्मन. त्याने किटलीत चहा मुरत ठेवला आणि कपांत खडीसाखर टाकली, गरम चहा पडताच तडकणारी. कप तीन होते.

"आणखी कुणी येणार आहे का?"

"नाही हो, सवय," तो ओशाळला.

साक्षीदारापुढे शब्द उच्चारायचा नाही, हा नियम. तिने नुसता अर्थ सांगितला.

"वोनसेल!" तो चटकन म्हणाला.

फ्राउकेला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. "तुमच्या आईचा शब्द का?"

"छे! आमच्याकडे कुठला? ती म्हातारी म्हणते ना, शेगडीपाशी बसते ती. पहिल्या दिवशी माझी बोबडीच वळली. तर म्हणाली, घाबरतोस काय रे घोड्या, वोनसेल आहे नुसतं. डावखुरी आहे बघा."

आई डावखुरी होती. तिसऱ्या कपातली खडीसाखर तडकन फुटली. चहा अजून ओतायचा होता.

विर्सेमा फक्त नाव नि गाव बघणार होते. 'ओन्नो हार्म्स' एवढं लिहिलं की शब्द वाचणार होता. तिने पेन उघडलं, पण हा शब्दही पुन्हा आईच्याच तोंडचा होता; दुसऱ्या साक्षीदाराच्या रकान्यात तिने आईचंच नाव लिहिलं. मग चिठ्ठी शांतपणे फाडली.

"आता ओता चहा," ती ओन्नोला म्हणाली. "आईला आधी."