उद्घाटनाची काच

चिकलठाण्याच्या त्या दवाखान्यात नवं लेझर यंत्र आलं. त्याला आधी हार घातला, मग नारळ फोडला आणि मग बटण दाबायला प्रमुख पाहुणे शोधले. ते चालवणाऱ्या डॉक्टर मंजुषांना मानापानाच्या हिशेबात खुर्ची मिळाली ती मागच्या रांगेत.

पाचोडचे सर्जेराव मात्र 'लाभार्थी' म्हणून थेट पुढं. त्यांची बायको मनकर्णाबाई वरच्या मजल्यावर दाखल होती. फुफ्फुसात गाठ. छातीत सुई घालून काढलेला कण काचेवर ठेवायचा, लेझरनं त्यातल्या नेमक्या रोगट पेशी कापून घ्यायच्या आणि त्यांच्या डीएनएवरून कोणतं औषध लागू पडेल ते ठरवायचं, एवढं मंजुषांनी त्यांना समजावलं होतं.

पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडं बघत बटण दाबलं आणि मनाजोगा फोटो होईस्तोवर बोट उचललं नाही. पडद्यावर मोठ्या दिसणाऱ्या काचेवरच्या पेशींचे जांभळे ठिपके करपत गेले. टाळ्या पडल्या. सर्जेरावांनीही वाजवल्या, टाळीला कंजुषी कशाला?

मंजुषा धावतच पुढं आल्या. "सर, सरावाची काच का नाही लावली?"

"अहो, पेपरवाल्यांना खरी केस हवी होती," संचालक व्यंकटराव म्हणाले.

"मनकर्णाबाईंची ती एकच काच होती! सगळी जाळलीत!"

सर्जेराव ताडकन उठले. "म्हंजी? आमच्या हिची?"

"परत घेऊ ना नमुना," व्यंकटराव हसून म्हणाले. "कार्यक्रम होऊ द्या, काका."

"कुणाचा काका? मागल्या खेपेला सुई घातली तवा छातीत हवा शिरली तिच्या. नळी लावून पडली व्हती. मेले तरी परत सुई घेणार नाय म्हनली. आता तिला कोन सांगणार? तुमचा पाव्हणा?"

पाहुण्यांना एकदम दुसरा कार्यक्रम आठवला. सर्जेरावांनी व्यंकटरावांचं मनगट धरलं आणि भर सभेतून ओढत जिन्यानं वर नेलं. मंजुषा मागोमाग.

खाटेपाशी व्यंकटराव 'तांत्रिक अडचण' म्हणाले.

"नीट सांग!" सर्जेराव खेकसले. तेव्हा नीट सांगितलं.

मनकर्णाबाई मंजुषांकडं वळल्या.

"सुई तुमीच धरा, बाई. आन् काच कुलपात ठिवा. पर ह्या माणसाला आधी भायेर काढा, नायतर मी उठून ह्याचा गळा धरीन."