ठरावावरचं नाव

सोमवारी उजाडल्यापासून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा होऊन तीर्थ घेईपर्यंत चन्नबसम्मा तोंडातून शब्द काढत नसे. शिवकांत फौजेत गेला, त्या आठवड्यापासूनचा हा नेम. पोरगं विमानातून उड्या मारणाऱ्या पलटणीत, आणि आपल्या हातात काय, तर एवढं एक तोंड. निदान तेवढं तरी देवाच्या स्वाधीन करावं, असं तिला वाटलं होतं. आता सात वर्षं होत आली. ताडकळसच्या पेठेत, घराच्या पुढच्या अंगाला तिचं किराणा दुकान. सोमवारची पूजा मोठी, ती व्हायला बारा वाजायचे. तोवर गिऱ्हाइकानं बोटानं दाखवायचं आणि तिनं मापून द्यायचं. थट्टा करणारे म्हणायचे, "चन्नाक्काशी भांडायचं तर सोमवारी, उलटून बोलत न्हाईत."

त्या सोमवारी मात्र थट्टा करायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं.

अकरा दिवसांपासून टीव्हीवर एकच बातमी चालू होती. त्या परक्या देशाचं नाव गावात कुणाला धड घेता येत नव्हतं, म्हणून सगळे नुसतं 'तिकडं' म्हणत. तिकडं दोन सेनापतींची आपसात जुंपली होती. विमानतळ बंद पडला होता. बंदराच्या गावातल्या एका दवाखान्यात आपल्या सतरा नर्सा अडकल्या होत्या, आणि त्या सतरांत एक ताडकळसच्या मुंजाजीची सविता होती. दिल्लीत बैठकांवर बैठका होत होत्या. सैन्य पाठवायचं का, पाठवलं तर जहाजानं का विमानानं, किती दिवसांसाठी, यावर टीव्हीच्या चार चौकटींतली चार माणसं रोज एकमेकांवर खेकसत. विमानाचं नाव निघालं की चन्नबसम्मा आवाज बंद करी. आवाज बंद केला तरी चित्रं दिसत. मग ती टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसे.

त्या दिवशी साडेनवाच्या सुमारास बन्सीधर आला. बन्सीधर उपसरपंच, गडी कामाचा, पण घाईचा. त्याच्या हातात ठरावाचा कागद होता आणि मागं पायरीपाशी सविताची आई, दगडाबाई, उभी होती. सरकारनं ताबडतोब सैन्य पाठवून आमच्या लेकी सोडवाव्यात, असा ग्रामपंचायतीचा ठराव बन्सीधरनं खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मग म्हणाला, "काकू, सूचक म्हणून तुमचं नाव घालायलोय. फौजीच्या आईनं म्हणलं तर कलेक्टर सायबाला बी वाचावं लागंल."

चन्नबसम्मानं दोन्ही हात जोडले. राहू दे बाबा, मला यात ओढू नको, असं तिला म्हणायचं होतं. बन्सीधरला ते हात जोडणं होकाराचं वाटलं. त्यानंही हात जोडले, कागद घडी करून खिशात घातला आणि मोटारसायकलला किक मारून परभणीच्या रस्त्याला लागलासुद्धा.

काउंटरवर पेन्सिल होती. पाटीसारखा पुठ्ठा होता. 'नको' एवढी दोन अक्षरं लिहायला किती वेळ लागतो? हे तिला मागाहून सुचलं असं नाही. तेव्हाच सुचलं होतं. पण पायरीपाशी दगडाबाई उभी होती, डोळे सुजलेले, पदर तोंडात धरलेला. तिच्या देखत ती दोन अक्षरं लिहायला हात उचलला नाही.

पूजेला बसल्यावर डाव्या तळहातावर घेतलेल्या लिंगावर नजर ठरेना. एरवी पूजेत मन लागलं नाही तर ती स्वतःला रागावायची. त्या दिवशी रागावायचीही भीती वाटली. देवा, लेकरू राखावं म्हणून मी तोंड मिटते, आणि तेवढ्यात लोकांनी त्याच तोंडाच्या नावानं त्याला मरणाच्या दारात धाडायचं का? तीर्थ घेतल्या घेतल्या तिनं बन्सीधरला फोन लावला. तो म्हणाला, कागद केव्हाच देऊन झाला, साहेबांनी शिक्कासुद्धा मारला.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या पेपरात आलं. 'फौजीच्या आईची हाक : सैन्य पाठवा.' खाली तिचं नाव, काना-मात्रा न चुकता.

पेपर घेऊन भागवत दुकानात आला. भागवत रिटायर हवालदार. तरुणपणी त्याची पलटण समुद्रापलीकडं दुसऱ्यांचं भांडण सोडवायला गेली होती. त्याबद्दल तो कधी बोलत नसे, आणि गावानंही विचारणं सोडून दिलं होतं. त्यानं पेपर काउंटरवर ठेवला, तिच्या नावावर बोट टेकवलं आणि वर पाहिलं. तिनं सोमवारचा सगळा प्रकार सांगितला. तो बराच वेळ गोणीच्या सुतळीशी चाळा करत राहिला.

"आमाला बी हार घातले व्हते आक्का, उतरलो तवा," तो म्हणाला. "महिन्याभरानं त्याच गल्लीतून गोळ्या यायला लागल्या. दुसऱ्याच्या घरात भांडण लागलं तर उंबऱ्यातूनच आपलं माणूस वढून घ्यावं आन फिरावं. बूट काढून आत बसला की खलास. मंग दोगं बी भाऊ तुमच्यावरच उलटत्यात."

तिनं विचारलं, मग पाठवूच नये का? तर त्यानं पेपर घडी करून काखेत घातला आणि पायरी उतरला. त्याच्या पलटणीतले किती परत आले, हे विचारायचं तिला धैर्य झालं नाही.

त्या दिवसापासून तिला रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलची भीती वाटू लागली. वाईट बातमी कशी येते, हे तिला माहीत नव्हतं. फोनवर येते, का तहसीलची गाडी येते, का पोलीस पाटील येतो? शिवकांतचा फोन दोन दिवसांआड यायचा, तो चार दिवसांत आला नव्हता. बुधवारी ती बन्सीधरच्या घरी गेली आणि नाव काढ म्हणाली. तो आधी गोंधळला, मग ओशाळला. शुक्रवारी ग्रामसभा आहे, तिथं दुरुस्ती करून तसं वर कळवता येईल, असं त्यानं कबूल केलं. निघताना मात्र मान खाली घालून म्हणाला, "काढतो काकू. पण दगडाबाईला तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं."

गुरुवारी दुकानाला कडी लावून ती मुंजाजीच्या घरी गेली. मुंजाजी परभणीला कुण्या पुढाऱ्याला भेटायला गेला होता. दगडाबाई दारातच बसली होती, मांडीवर फोन. चन्नबसम्मानं काही बोलायच्या आत तिनं फोन पुढं केला आणि सविताचा सकाळी आलेला आवाज ऐकवला.

आवाज कुजबुजता होता. मागं कुठंतरी पत्रे आपटल्यासारखं वाजत होतं. "माय, आमी खाली कपड्याच्या खोलीत हावोत. गेटवर बंदूकवाले हायेत, पर आत आले न्हाईत अजून. पाणी उद्यापस्तोर पुरंल. टीव्हीवर काय म्हणायलेत ग? कुणी यायलंय का?"

शिवकांतचे वडील, राजशेखर, गेले त्या वर्षी पायाच्या जखमेनं अंथरुणाला खिळले होते. सविता तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सुट्टीत महिनाभर रोज सकाळी यायची, नाकाला पदर न लावता जखम धुवायची, वर त्यांना हसवायची. 'कुणी यायलंय का' हे त्याच पोरीनं विचारलं होतं. तरी चन्नबसम्मा जे सांगायला आली होती ते सांगितल्याशिवाय राहिली नाही.

"दगडा, त्या ठरावातलं नाव माझ्या तोंडून गेलेलं न्हाई."

"ठाऊक हाय मला, आक्का." दगडाबाईनं फोन पालथा केला. "तुमी हात जोडले तवाच मी वळखलं, तुमी नको म्हणायलाव. बन्स्याला कळलं न्हाई, मला कळलं. अन् मी गप बसले." थोड्या वेळानं ती म्हणाली, "काढा तुमी नाव. माझी वाचावी म्हणून तुमचं लेकरू घाला, असं कोण्या तोंडानं म्हणू? पर नका काढू असं बी वाटतंय. खोटं कशाला बोलू."

चन्नबसम्मा तिच्याजवळ खाली बसली. अंगणात शेळी दावणीला ओढ देत होती. दगडाबाई शिव्या घालती तर सोपं झालं असतं. राग आला असता, आणि रागाच्या भरात नाव काढून मोकळं होता आलं असतं. आता काही केलं तरी एका लेकराच्या जिवावर ते बेतणारच होतं. आपलं वाचावं म्हणून देवापुढं बसायचं आणि दुसरीच्या लेकीला कपड्याच्या खोलीत सोडायचं, अशी पूजा त्या देवाला कशी पोचणार? आणि पोचलीच, तर तो आपल्याला काय उत्तर देईल? तिला दोन्ही बाजूंनी भय वाटलं, आणि सविताला तसं सोडण्याचं कणभर जास्त वाटलं.

शुक्रवारी ग्रामसभेला ती पहिल्यांदाच पुढच्या सतरंजीवर बसली. बन्सीधरनं दुरुस्तीचा विषय काढला तशी ती उभी राहिली आणि नाव राहू द्या म्हणाली. लोकांत कुजबुज झाली. मग तिनं पदर सावरून हळू आवाजात सांगितलं, की आता नाव माझ्या तोंडून जायलंय, तर खालची ओळ बी माझीच जाईल. सैन्य नुसतं आपली माणसं आणायला पाठवावं. कुणाच्या बाजूनं लढायला नको, आणि तिथं मुक्कामाला तर मुळीच नको.

बन्सीधरनं डोकं खाजवलं. "काकू, कसं जायचं ते बी सरकारला आपण शिकवायचं का?"

"जा म्हणून शिकवलंच ना तुमी," ती म्हणाली.

दोनचार जण हसले. अनुमोदक म्हणून मागून भागवतचा हात वर आला. ग्रामसेवकानं ती ओळ लिहिली, आणि चन्नबसम्मानं वाचून पाहून खाली सही केली. सही करताना आपण काय करतोय ते तिला पुरतं कळत होतं.

दिल्लीत तो कागद कुणी वाचला का, कुठल्या टेबलावर तो पडून राहिला, हे गावाला कधी कळलं नाही. टीव्हीवरची चार माणसं तशीच खेकसत राहिली. सविताचा आवाज शनिवारी आला नाही.

रविवारी दुपारी दुकानात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज शिवकांतचा होता. मागं मोठी यंत्रं घरघरत होती. त्यानं जेवलीस का विचारलं, गुडघा कसा आहे विचारलं. मग थांबला.

"आई, पेपरातलं एकानं मोबाइलवर दाखवलं. तू म्हणलीस का खरंच, पाठवा म्हणून?"

सोमवारचं तेवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी बोललेच नव्हते, लोकांनी घातलं, एवढं सांगून तिला लेकराच्या मनात निर्दोष राहता आलं असतं.

"म्हणले," ती म्हणाली. "सोमवारी न्हाई, पर शुक्रवारी म्हणले. आणून लगेच फिरा, असं बी म्हणले."

पलीकडं तो थोडं हसला. "आमचे सायब तुझ्यासारखे पाहिजे व्हते." आणि लगेच, घाईनं, "आई, पाच-सहा दिवस फोन लागला न्हाई तर घाबरू नको. आन कुणाला काय बोलू नको. कुणालाच."

कुठं जायलास, हे तिनं विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. फोन बंद झाला.

मान वर केली तर पायरीवर दगडाबाई. किती वेळ उभी होती कोण जाणे. चन्नबसम्माच्या ओठावर 'निघाले' एवढा शब्द आला होता. तो एक शब्द मिळाला असता तर त्या बाईला दोन दिवसांत पहिला घास गोड लागला असता. पण उद्या तो शब्द पेठेत गेला असता, परवा कुणाच्या मोबाइलवर, आणि तिथून कुठं, हे कोण सांगणार? तिकडच्या बंदूकवाल्यांच्या हातात पण मोबाइल असतीलच.

"काय म्हणला शिवकांत?" दगडाबाईनं विचारलं.

"जेवलीस का म्हणला. गुडघ्याचं विचारत व्हता."

दगडाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. सोमवारी जोडलेले हात ओळखले होते, तसं हे न सांगितलेलंही तिनं ओळखलं. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. आत आली आणि गोणीला टेकून खाली बसली. चन्नबसम्मानं काउंटरवरचा टीव्हीचा रिमोट उचलला, आणि कितीतरी वेळ बटण न दाबता तसाच हातात धरून ती तिच्याजवळ बसून राहिली.