आर्कोसचा किल्ला

पहिल्या टोल्यात बुरूज गेला, दुसऱ्यात तटबंदी. शेजारचा डॅनी बेसबॉलच्या बॅटने लॉनवरचा मातीचा किल्ला फोडत होता आणि त्याचे दोन दोस्त "गो होम!" म्हणून किंचाळत होते. सरला "अरे, अरे" करत मध्ये धावली. तिसरा टोला तिच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिच्या नवऱ्याला, पुरुषोत्तमला, थेट दारात ऐकू आला. तो पोचेपर्यंत बॅट टाकून पोरं पसार झाली होती.

चूक त्याचीच. दिवाळीचा किल्ला चारचौघांनी बघायला हवा, म्हणून अमेरिकेतल्या पार्सिपनीत, सत्त्याऐंशी सालात, लोक आपल्या भारतीयांवर डोळे वटारून असताना याने तो मागच्या अंगणात न करता थेट रस्त्यासमोर केला. कुठली अवदसा आठवली! त्यात विनीताच्या हिस्टरी प्रोजेक्टसाठी यंदा सिंहगडाऐवजी स्पेनमधलं आर्कोस केलेलं. जेमतेम पन्नासेक वर्षं टिकलेलं मुसलमान राज्य. तिथल्या एका राजाचा शेवट लेकीनेच सांगितला होता. सेव्हिलच्या राजाने आर्कोसच्या राजाला पाहुणा म्हणून बोलावलं, हमामखान्यात नेलं आणि दार विटांनी चिणून टाकलं.

हॉस्पिटलमध्ये सरलाने "पाय घसरला" म्हणून सांगितलं. उगाच लफडं नको.

दुसऱ्या दिवशी डॅनीचा बाप पोराला घेऊन दारात उभा. पोलिसांत जाऊ नका, म्हणाला.

"आत या ना," पुरुषोत्तम गोड हसला. "फराळ करून जा."

दोघे सोफ्यावर बसले. त्याने दार लॉक केलं, वर साखळी चढवली. दाराशी टांगलेल्या कोटांच्या मागे तीच बॅट ठेवली होती. कालपासून त्याचे हात शिवशिवत होते. आधी पोराचं मनगट, मग बापाचे गुडघे.

साखळी बघून विनीता पांढरीफटक पडली.

"बाबा, डोन्ट. तुम्ही सेव्हिल करताय."

"तू आत जा."

त्याने बॅट उचलली. डॅनीचा बाप ओरडत उठला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सरला आली, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. चकल्या-करंज्यांचं ताट तिने डॅनीपुढे धरलं आणि ओशाळून म्हणाली, "सॉरी हं, डाव्या हाताने देतेय."

पोराला काही कळेना. विनीताने खालच्या आवाजात इंग्रजीत सांगितलं, "आमच्यात डाव्या हाताने वाढणं अपमानाचं असतं. आई तुझी माफी मागतेय."

डॅनीने प्लास्टरकडे पाहिलं. दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं.

पुरुषोत्तमची बॅट अजून वरच होती.

"ठेवा ती खाली," सरला म्हणाली. "ताटावर बसलेल्याला हात लावायचा नसतो."

संतापाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बॅट कोपऱ्यात टाकली, साखळी काढली.

"सावकाश खा रे," सरला डॅनीला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली.

"त्याचं खाऊन झालं, की पोलिसांना फोन लावा."