‘भिरभिरले’मधला श्वास

“थांबा, थांबा. श्वास परत खोटा आला, ताई!”

संगीतकाराने गाणं बंद केलं. काचेपलीकडे माइकसमोर उभ्या असलेल्या लेकीने हेडफोन उतरवला आणि त्याच्यामागे कोपऱ्यात बसलेल्या आईकडे पाहिलं. आई पाळणाघरातल्या कामावरून तशीच आली होती, बाहीवर हिरव्या खडूचा डाग घेऊन.

‘भिरभिरले’ हे गाणं लेकीच्या जन्माआधीचं. त्या काळी ते वाजलं नाही असं लग्न नव्हतं. पुढे त्याची नवी नवी रूपं निघाली. कुणी ढोल वाढवले, कुणी गिटारवर रडवेलं करून म्हटलं, साबणाच्या जाहिरातीने तर त्यातला जीवच धुऊन काढला. पाळणाघरातली पोरं बदकाच्या आवाजातल्या ‘भिरभिरले’वर उड्या मारत. चाल बदलो, वेग बदलो, एक गोष्ट मात्र सगळ्यांनी देवाच्या नैवेद्यासारखी जपली होती: मुखड्यात ‘भिर’ म्हणून एक घाईचा श्वास, आणि मग ‘भिरले’.

“त्या श्वासावरच तर पब्लिक वेडं होतं,” संगीतकार म्हणाला. “पाणी पिऊन या. आज नाहीच जमलं तर उद्या दुसरी मुलगी बोलवावी लागेल. राग मानू नका.”

इतकी वर्षं कोरसमध्ये उभं राहून लेकीला स्वतःच्या नावाचं हे पहिलं गाणं मिळालं होतं. बाहेर येऊन ती पाण्याच्या पिंपाशी रडवेली उभी राहिली.

“नाही जमत गं आई. तिथे श्वास लागतच नाही मला. ओढूनताणून घेते, तर दम्याच्या पेशंटसारखा येतो.”

मागोमाग आलेल्या आईने तिच्या हातातला ग्लास काढून घेतला. “मलाही कुठे घ्यायचा होता!”

“तुला?”

“या गाण्याच्या कोरसमध्ये होते ना मी.”

“ते माहितेय गं. मागच्या रांगेत.”

“त्या दिवशी ती ओळ म्हणणाऱ्या मुलीचा घसा बसला. मला पुढे ढकललं. सातवा महिना होता. शाल घट्ट लपेटून उभी होते, कळलं असतं तर काम गेलं असतं. आणि ऐन ‘भिर’वर तू आतून अशी लाथ हाणलीस, की बास!”

“म्हणजे तो श्वास...”

“चोरीचा. आणि पकडली गेलेच की. कोरसच्या बाईंनी पोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘उद्यापासून घरी बस.’ श्वास तेवढा ठेवून घेतला.”

“कधी बोलली नाहीस!”

“काय बोलायचं? तुझ्यापायी माझं गाणं सुटलं? तू जन्मभर ते ओझं वाहिलं असतंस, वेडाबाई.”

रोज सकाळी देवापुढे दोन ओळी म्हणायचा नेम आईने कधी मोडला नव्हता. पण तिथेही हे गाऱ्हाणं तिने मांडलं नव्हतं. गाऱ्हाणं नव्हतंच ते. आज सांगताना तिला हसूच येत होतं.

“मग आता काय करू?”

“सरळ म्हण. तेव्हा एका श्वासात दोघींचं भागवायचं होतं. आता तुझा तुला पुरतो की!”

लेकीने डोळे पुसले आणि आत जाऊन म्हणाली, “सर, एकदा माझ्या पद्धतीने म्हणते. नाही पटलं तर उद्या खुशाल त्या दुसऱ्या मुलीला बोलवा.”

“अहो, लोक त्या श्वासाची वाट बघतात...”

“एकदाच.”

“बरं, म्हणा.”

आई बाहेरच थांबली. दार पुरतं लागलं नव्हतं. मुखडा जवळ आला तशी तिची छाती आपोआप आवळली, आणि सवयीने श्वास तिनेच घेतला. आत लेक मात्र ‘भिरभिरले’ अख्खं म्हणून, न अडखळता पुढच्या ओळीत शिरलीसुद्धा. थांबवायला उचललेला संगीतकाराचा हात हवेतच राहिला. मग तो हळूच टेबलावर उतरला आणि बोटं ताल धरू लागली.

आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. तिने चपला काढून भिंतीशी ठेवल्या आणि आवाज न करता एक गिरकी घेतली.